कुरडया, कावळे आणि कोसला

२०१४चा उन्हाळा. अकरावी संपलेली, बारावीचा क्लास सुट्टीतच सुरू. सकाळी सात ते अकरा फिजिक्स-मॅथ्स, दुपारी जळगावच्या उन्हात गच्चीवर कुरडयांची राखण. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून त्या महिन्यात जेवढं वाचलं, तेवढं पुढे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत नाही वाचलं (सबमिशनच्या फायली धरल्या तरी!). बनगरवाडी एका दुपारात संपली. मग कोसला हाती आली. नेमाडे आमच्याच जिल्ह्यातले, म्हणून घेतली, एवढंच.

वडिलांच्या पैशांवर पुण्यात मजा करून परीक्षेत आपटणारा पांडुरंग सांगवीकर वाचताना जाम हसू येत होतं. खाली पप्पा आईशी बोलत होते, क्लासच्या फीचा दुसरा हप्ता कुठून आणायचा ते. जिन्यातून सगळं ऐकू येत होतं. मी पान उलटलं.

आणि मग मनी गेली. पांडुरंगची धाकटी बहीण, देवी येऊन. हसता हसता एकदम हे असं! आणि तासाभरापूर्वीच मी माझ्या बहिणीला 'लुडबुड करू नको' म्हणत गच्चीवरून हाकललं होतं. काठी घेऊन कावळे हाकायला आली होती बिचारी.

खाली गेलो. ती झोपलेली, गालावर चटईचे वळ. उठवलं, म्हटलं, चल वर.

वर आलो तर अर्धी साडी कावळ्यांनी साफ केलेली. आईने दोघांनाही धुतलं.

फीचा हप्ता पप्पांनी वेळेत भरला. कुठून आणला, ते मी अजून विचारलेलं नाही.