नावापुढची दोन अक्षरे

आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडील जुन्या मराठी घरांत गोळीला तिच्या खऱ्या नावाने सहसा कोणी ओळखीत नाही. ‘लाल पाकिटातली’, ‘रात्रीची’, ‘नागपूरच्या डॉक्टरांची’ एवढीच तिची ओळख. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. पण दुखणे जरा वाढले की आमची पावले आजही धंतोली-रामदासपेठेकडेच वळतात. तिथून एक चिठ्ठी येते आणि पुढे कित्येक महिने ती इथल्या मेडिकलच्या काउंटरवर चालत राहते. त्या चिठ्ठीवर बहुधा कंपनीने ठेवलेले नाव असते. औषधाचे नाव पाकिटावर कुठेतरी असते, ते शोधावे लागते.

आमच्या काकूंना रक्तदाबासाठी अशीच एक गोळी चालू होती. मूळ औषध अ‍ॅम्लोडिपिन. जुने, भरवशाचे आणि अनेक कंपन्या बनवीत असल्यामुळे स्वस्त. एका महिन्यात दुकानदार म्हणाले, “काकू, ती आता येत नाही. ही घ्या, त्याच कंपनीची, सुधारलेली.” पाकिटाचा रंग तोच, नाव तेच, नावापुढे फक्त एक इंग्रजी ‘एस’ आला होता, आणि किंमत चढली होती. काकूंचा प्रश्न अगदी सरळ होता: “आधी पाचची गोळी होती, आता अडीचची. औषध निम्मे झाले आणि पैसे वाढले, हे कसे?”

हे असे. अ‍ॅम्लोडिपिन हे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या दोन रूपांचे मिश्रण असते. त्यांतले गुणकारी रूप तेवढे वेगळे काढले की पाचाचे काम अडीचात होते. पायांवर सूज कमी येते असे कंपन्या सांगतात, आणि काही रोग्यांच्या बाबतीत ते खरेही असेल. पण आकडा बदलला की तुलना मोडते. शेजारच्या दुकानातली पाचाची स्वस्त गोळी हिच्याच तोडीची आहे, हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? दुकानदाराने मनाने बदलून द्यावी तर चिठ्ठीतल्या औषधाऐवजी तेच द्रव्य असलेले दुसरे उत्पादन देण्यास नियमाने मनाई आहे.

सगळेच बदल फसवे असतात असे आमचे म्हणणे नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन सावकाश विरघळणाऱ्या गोळीत आली, तेव्हा कित्येकांच्या पोटाचा त्रास कमी झाला. ती सुधारणा खरी. परंतु पुष्कळदा बदल रोग्यासाठी नसून स्वस्त प्रतिस्पर्ध्यासाठी असतो. युरोपात लोसेक ह्या आम्लपित्ताच्या औषधाची कॅप्सूल कंपनीने काही देशांत मागे घेऊन त्याच नावाची गोळी आणली, कारण स्वस्त औषधे त्या कॅप्सूलच्या नोंदणीचा आधार घेऊन बाजारात येणार होती. 2005 साली युरोपीय आयोगाने अ‍ॅस्ट्राझेनेकाला ह्यासह आणखी एका गैरप्रकाराबद्दल 6 कोटी युरोंचा दंड केला. आपल्याकडे 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने कर्करोगावरील ग्लिव्हेकच्या नव्या स्फटिकरूपाला पेटंट नाकारले. जुन्या औषधाचे नवे रूप अधिक गुणकारी असल्याखेरीज त्याला पेटंट नाही, हे कायद्यातले कलम 3(डी) तिथे कामी आले. त्याच वर्षीच्या औषध किंमत नियंत्रण आदेशातही तजवीज आहे: यादीतली गोळी तिच्याच उत्पादकाने मात्रा बदलून किंवा दुसऱ्या औषधाशी जोडून काढली, तर आधी किंमत मंजूर करून घ्यावी लागते.

जोडण्याची गोष्ट अधिक गंभीर. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी दमेकरी. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे एकदा ‘एटी’ ही अक्षरे आली. दुकानात नवा मुलगा होता. नाव जुळले, त्याने पाकीट दिले. ‘एटी’ म्हणजे अटेनोलॉल, जे दमेकऱ्यांना सहसा टाळतात. तिसऱ्या रात्री गुरुजींना श्वास घेववेना. मुलाने त्यांना नागपुरास नेले म्हणून निभावले. नाव तेच होते, आणि नावावरच तर सगळ्यांचा विश्वास!

हा विश्वास 2025 च्या पावसाळ्यानंतर आणखी विचित्र झाला. शेजारच्या परासियात खोकल्याचे औषध पिऊन लहान मुले दगावू लागली; वीसहून अधिक लेकरे गेली. कोल्ड्रिफ नावाचे ते सिरप तामिळनाडूत बनलेले, आणि तिथल्या तपासणीत त्यात 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. तेव्हापासून आमच्या घरांत एकच वाक्य ऐकू येते: “नको ते स्वस्तातले, चांगल्या नावाचे आणा.” पण ते सिरप काही बिननावाचे नव्हते; त्याला नाव होते, लेबल होते, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही ते होते. कच्चा माल आणि तयार माल कोणी तपासला, हा प्रश्न महाग आणि स्वस्त दोन्ही पाकिटांना सारखाच विचारायला हवा. तो न विचारता माणसे जेनेरिकला घाबरली, आणि अक्षरे वाढलेल्या महाग पाकिटांना आयते गिऱ्हाईक मिळाले.

गुरुजी आता दुकानात चष्मा नेतात. 2018 पासून औषधाचे मूळ नाव कंपनीच्या नावापेक्षा ठळक छापण्याचा नियम आहे. तीन किंवा अधिक औषधांच्या मिश्रणांना मात्र त्यातून सूट, जिथे खरे तर त्याची सर्वांत जास्त गरज! काकूंनी डॉक्टरांकडून मूळ नाव लिहून घेतले, आणि त्या नागपूरहून जनऔषधीच्या अ‍ॅम्लोडिपिनच्या गोळ्या मागवतात. रक्तदाब आटोक्यात आहे. तरी नवे पाकीट आले की आधी ते उलटे करून, कुठे बनले त्या गावाचे नाव नातवाकडून वाचून घेतात, आणि मगच पहिली गोळी फोडतात.