धारवाड-हुबळी : राज्य गेले, शेजार राहिला

संत पौलाची पत्रे वाचताना गलतिया, मासेदोनिया, अखया ही नावे वारंवार आपल्या कानी पडतात. रोमी साम्राज्याच्या प्रांतांची ही नावे होत. ते साम्राज्य लयास गेले, त्याच्या सीमाही पुसल्या गेल्या; परंतु भिन्न कुळांच्या व भिन्न भाषांच्या माणसांनी एका नगरात सलोख्याने कसे नांदावे, हा त्या पत्रांतला प्रश्न अद्याप जुना झालेला नाही. आपल्या पणज्यांचा जन्म झाला तो मुंबई इलाखाही असाच एका साम्राज्याचा प्रांत होता. सिंधपासून कारवारपर्यंत त्याचा विस्तार होता. त्याच्या दक्षिण भागातील धारवाड व हुबळी ही जोडनगरे पाहताना या प्रश्नाचे एक उत्तर हाती लागते, म्हणून त्यांची ही थोडी ओळख.

पुण्याहून बंगळुरूकडे जाणाऱ्या हमरस्त्याने बेळगाव मागे टाकले की प्रथम कित्तूर लागते. दत्तकाचा हक्क नाकारणाऱ्या इंग्रज सत्तेशी राणी चन्नम्मा येथेच लढली. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी धारवाडचा कलेक्टर थॅकरे या लढाईत मारला गेला. पुढे किल्ला पडला आणि १८२९ साली बैलहोंगलच्या बंदिवासात राणीचा अंत झाला. तिचा अश्वारूढ पुतळा आज हुबळीच्या मुख्य चौकात उभा आहे. कित्तूर ओलांडले म्हणजे तांबड्या मातीचे, झाडीचे धारवाड येते आणि तेथून सुमारे वीस किलोमीटरवर, काळ्या कापूसजमिनीच्या कडेला, हुबळीची गजबजलेली बाजारपेठ. एक विद्येचे गाव, दुसरे व्यापाराचे. परंतु १९६२ साली दोहोंची महानगरपालिका एकच झाली.

या मुलखाशी मराठ्यांचा संबंध जुना. परशुरामभाऊ पटवर्धनांनी प्रदीर्घ वेढ्यानंतर १७९१ साली टिपूच्या सैन्याकडून धारवाडचा किल्ला घेतला. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि हा प्रदेश इंग्रजांकडे आला. येथील शेतकरी, विणकर, व्यापारी बहुतांशी कानडी बोलणारे. परंतु आधीचे राज्यकर्ते मराठे होते, म्हणून इंग्रजांनी या भूमीला नाव दिले ‘दक्षिण मराठा देश’! १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर येथे लोहमार्ग घालण्यासाठी १८८२ साली जी कंपनी निघाली, तिचे नावही ‘सदर्न मराठा रेल्वे’ असेच होते. घर कानड्यांचे आणि दारावरची पाटी मराठ्यांची, असा हा प्रकार.

पाटीपुरतेच हे असते तर गोष्ट निराळी. परंतु कचेरीत मराठी, शाळेतही मराठी, अशी स्थिती एकोणिसाव्या शतकात बराच काळ होती. कानडी मुलाला अक्षरओळखच परक्या भाषेतून करून घ्यावी लागे. शिक्षणखात्यातील डेप्युटी चन्नबसप्पा यांनी कानडी शाळा उघडण्यासाठी आयुष्य वेचले. १८९० साली रा. ह. देशपांडे यांच्या पुढाकाराने धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला. आपण मराठी माणसे सीमेवरील आपल्या भाषेची गाऱ्हाणी नेहमी सांगतो. ती खोटी नाहीत. महाराष्ट्र शासन त्यांसाठी २००४ साली सर्वोच्च न्यायालयातही गेले. तथापि कधी काळी आपलीच भाषा दुसऱ्याच्या ओसरीवर मालकासारखी बसली होती, हेही आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. शेजाऱ्याचे गाऱ्हाणे ऐकण्याची ज्याची तयारी नाही, त्याने आपले गाऱ्हाणे कोणत्या तोंडाने सांगावे?

या नगरीचे भाग्य असे की, काही मराठी घरांनीच या ऋणाची फेड केली. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचा जन्म १८९६ साली धारवाडात एका मराठीभाषी कुटुंबात झाला. घरात मराठी, महाविद्यालयीन शिक्षण पुण्यात. परंतु त्यांची काव्यवाणी फुलली ती धारवाडच्या बोलीतल्या कानडीत. ‘नाकु तंती’, म्हणजे चार तारा, या संग्रहासाठी त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. त्यांनी मराठीतही लेखन केले. आईची भाषा टाकून त्यांनी शेजाऱ्याची भाषा घेतली नाही. दोन्ही उराशी धरल्या.

संगीतात तर देवाणघेवाण उलटसुलट चालली. उत्तरेकडील कैराना गावाहून आलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी कुंदगोळच्या रामभाऊंना गाणे शिकविले. हे कानडी मुलखातले रामभाऊ मराठी रंगभूमीवर ‘सवाई गंधर्व’ झाले. धारवाडात जन्मलेल्या गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जाऊन त्यांच्यापाशी शिकत. त्यांचेच दुसरे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूच्या नावे पुण्यात सुरू केलेला महोत्सव आजही रसिकांची गर्दी खेचतो. साम्राज्याने लोहमार्ग घातला तो दुष्काळासाठी व कापसासाठी. देवाच्या योजनेत त्यावरून षड्जही वाहिला गेला.

त्याच लोहमार्गाने हुबळीच्या रेल्वे वसाहतीत गोव्याचे कोकणी, तमिळ, तेलुगू व अँग्लो-इंडियन कॅथलिक बांधव आले. त्यापूर्वी, १८३७ साली, बासेल मिशनचे प्रॉटेस्टंट बंधू धारवाडात पोहोचले होते. त्याच मिशनचे फर्डिनांड किट्टेल यांचा कानडी-इंग्रजी शब्दकोश १८९४ साली प्रसिद्ध झाला. आजही कानडी विद्वान त्यांचे नाव आदराने घेतात. आपल्याकडे १९०३ साली ‘निरोप्या’ सुरू करणारे येशूसंघीय फादर डोरिंगही जर्मनच. पुढे ते पुण्याचे बिशप झाले आणि धारवाड तेव्हा पुणे धर्मप्रांतातच मोडत असे. १९५३ साली बेळगावचा धर्मप्रांत वेगळा झाला. तीन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, धारवाड जिल्हाही मुंबई राज्यातून निघून कानडी राज्यात गेला.

आता इलाखा नाही, ‘दक्षिण मराठा देश’ ही पाटीही नाही. परंतु उत्तर प्रदेशातील उन्नावहून आलेल्या ठाकूर कुटुंबाने धारवाडच्या म्हशींच्या दुधाचा जो पेढा केला, तो धारवाडचाच म्हणून जगभर ओळखला जातो. कोण कोठून आला हे त्या पेढ्याला कोणी विचारीत नाही.

बाबेलमध्ये नेलेल्या आपल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र पाठवून सांगितले की, तेथे घरे बांधा, मळे लावा आणि त्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. आज आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांची मुले बंगळुरूला, आखातात वा त्याहून दूर संसार थाटीत आहेत; आणि आपल्या गल्लीतही परप्रांतीय कुटुंबे बिऱ्हाडे करून राहत आहेत. मुलांनी घरी मराठीत प्रार्थना जरूर म्हणावी. पण ज्या नगराचे अन्न खातो त्याची भाषाही शिकावी. आणि आपल्या दारी आलेल्याला त्याची भाषा बोलल्याबद्दल हसू नये. एवढे साधले तरी धारवाडची वारी फळास आली असे समजावे.