पंचवटीतली खोटी हाक

नाशिकला जावे ते दिवाळीच्या तोंडावर. पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी येऊ पाहणारी गोदावरी तेव्हा निमूटपणे पायऱ्यांखाली उतरलेली असते, आणि सकाळी अंगावर उपरणे ओढून घ्यावे इतपतच गारवा असतो. रविवार कारंजावरून होळकर पूल ओलांडला की पंचवटी. काळारामाचे दर्शन घेऊन मी सीतागुंफेशी आलो. दार इतके बुटके की भल्याभल्यांना वाकावे लागते. बाहेर वडाच्या सावलीत एक आजोबा नातवंडांना सीताहरणाची कथा सांगत होते. फुकट होती, म्हणून मीही ऐकली.

वाचकहो, ही कथा आपण शंभरदा ऐकलेली आहे. सोन्याचे हरीण आपल्याला आठवते, रावणाची भगवी वस्त्रे आठवतात. लक्ष्मणरेषा तर वाल्मीकींच्या रामायणात नसूनही आठवते. पण खरी करामत मारीचाची! मरता मरता त्याने हुबेहूब रामाच्या आवाजात हाक मारली. हा दादाचा आवाज नव्हे, असे लक्ष्मण परोपरीने सांगत होता. पण घाबरलेल्या माणसाला समजूत कुठली पटायला? सीतेने टोचून बोलून त्यालाच घालवून दिले. राखणदार गेला, आणि मगच संन्यासी दारात आला.

हे सारे मनात घोळत राहिले, त्याला कारण आदल्या संध्याकाळचे.

मी उतरलो होतो नाशिकरोडला, मावशीकडे. नाशिकरोड म्हणजे नोटांचे गाव. १९२८ साली सुरू झालेल्या चलार्थ पत्र मुद्रणालयाला इथे कोणी एवढ्या भारदस्त नावाने हाक मारीत नाही. 'प्रेसमध्ये आहे' म्हटले की झाले. आमचे काका प्रेसमध्ये तीस वर्षे होते. शेजारच्याच प्रतिभूती मुद्रणालयात स्टॅम्प पेपर छापले जात. तिथली मोडीत निघालेली यंत्रे मिळवून अब्दुल करीम तेलगीने खोट्या स्टॅम्प पेपरांचा कारखानाच काढला आणि २००१ साली तो पकडला गेला, हे सर्वश्रुत आहे. त्या भामट्याला निदान यंत्र लागले, शाई लागली, कागद लागला. आताच्या भामट्याला नुसता आवाज पुरतो.

तर त्या संध्याकाळी काकांना फोन आला. 'पेन्शन ऑफिसातून बोलतोय. तुमचा हयातीचा दाखला भरलेला नाही. आज रात्री पेन्शन बंद पडेल.' काका एक्याऐंशी वर्षांचे. ऐंशीवरच्या निवृत्तांना हा दाखला ऑक्टोबरपासूनच देता येतो, इतरांना नोव्हेंबरात; तेव्हा मुहूर्त अचूक साधला होता. शिवाय त्या गृहस्थाने काकांची निवृत्तीची तारीख आणि पेन्शनचा क्रमांक घडाघडा म्हणून दाखवला. काकांचा चेहरा उतरला. 'मोबाईलवर एक आकडा येईल, तो सांगा. फोन ठेवू नका, आणि घरात कोणाला काही बोलू नका.'

मावशी चकलीच्या भाजणीचे हात तसेच घेऊन बाहेर आली. 'अहो, कोण आहे?' काकांनी हातानेच गप्प राहण्याची खूण केली. तेवढ्याने तिला संशय आला. बावन्न वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्यापासून पगारसुद्धा लपवला नव्हता! तिने फोन काढून घेतला. 'साहेब, बँक आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. उद्या हे स्वतः येतील. तुमचं टेबल कोणतं?'

पलीकडून फोन बंद.

पेन्शन खाते दाखला भरून घ्यायला कधीही असा फोन करीत नाही. पण मला त्या आकड्यापेक्षा 'घरात कोणाला बोलू नका' हे वाक्य अधिक भयंकर वाटते. 'डिजिटल अटक' म्हणून जो प्रकार चालतो, त्यात खोटे पोलीस माणसाला तासन् तास, कधी दिवसच्या दिवस कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतात ते याचसाठी. असली अटक कायद्यात मुळी नाहीच. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून हेच सांगितले. आता तर यंत्राकडून मुलाचा आवाज काढून 'अपघात झालाय, पैसे पाठवा' म्हणतात. मारीच पुन्हा जन्माला आला म्हणायचा! अशा वेळी फोन ठेवावा, आणि आपल्याजवळ लिहून ठेवलेल्या नंबरावर मुलाला आपणच फोन करावा. पैसे *घ्यायला* पिन लागत नाही, हेही घरोघरी ठाऊक हवे.

आणि पैसे गेलेच तर लाजत बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. पैसे या खात्यातून त्या खात्यात पळत असतात, आणि मध्येच गाठले तर गोठवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातही, गुप्त आकडा स्वतः सांगितला असेल तर कळवण्यापूर्वीचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे, असे होते. म्हणजे प्रत्येक तासाला किंमत आहे.

पंचवटीहून परतल्यावर दुपारी काकांना घेऊन बँकेत गेलो. बाकावर प्रेसचीच चारपाच जुनी मंडळी होती. कालची हकिकत काकांनी तिखटमीठ लावून सांगितली, आणि दोघांनी 'मलाही आला होता' असे हळूच कबूल केले. काकांचा अंगठा यंत्राला दोनदा पटला नाही. 'नोटा मोजून रेषा झिजल्या हो,' ते त्या मुलीला म्हणाले. तिने ओल्या फडक्याने अंगठा पुसला, पुन्हा टेकवला, आणि काका हयात असल्याचे पडद्यावर उमटले.