शे. म्हणजे शेख

बारावीचा निकाल आता मे महिन्यातच लागतो. दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओट्यावर मुलं-मुली यायला लागतात. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागदं, सोबत अब्बा किंवा मोठा भाऊ. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, कॉलेजप्रवेश हे काही माझं काम नाही. पण वडीगोद्रीसारख्या गावात बी.एड. झालेल्या मास्तरला सगळंच माहीत असतं, असा लोकांचा समज आहे. तो खोटा ठरू नये म्हणून मी हळूहळू हे शिकत गेलो.

पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, लडकी को कौनसी लाइन में डालना?" मी मात्र आधी मुलीलाच विचारतो, "तुझं नाव काय?" मुलगी हसते. मग मी दहावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवतो. आता हसू थांबतं.

आमच्या मराठवाड्यातल्या शाळांत मुसलमान मुलांची नावं लिहिण्याची एक जुनी पद्धत आहे. समजा, मुलीचं नाव सलमा आणि वडिलांचं रहीम. हजेरीपटावर ती 'शे. सलमा शे. रहीम' होते. आधारवर 'सलमा रहीम शेख'. बँकेत 'शेख सलमाबी'. गावातल्या कुणालाही कळतं की 'शे.' म्हणजे शेख आणि ही एकच मुलगी आहे. पण महाडीबीटीच्या पोर्टलला ते कळत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज आधारवरून तपासला जातो आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. सरकारच्या लेखी त्या तीन मुली असतात आणि पैसे तिघींपैकी एकीलाही मिळत नाहीत.

यावर उपाय आहे, पण त्याला क्रम आहे. गुणपत्रक बदलणं सगळ्यात अवघड, म्हणून तेच प्रमाण मानायचं आणि आधार व बँक त्याच्याशी जुळवून घ्यायचे. गुणपत्रकातच चूक असेल तर मूल शाळेत असतानाच ती दुरुस्त करून घ्यावी. शाळा सुटल्यावर दाखल्यातल्या दुरुस्तीसाठी शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि जालन्याच्या चकरा सुरू होतात. म्हणून आता मी नववीच्या वर्गातच वर्षातून एकदा सगळ्यांची नावं तपासतो. मुलांना तो खेळ वाटतो. वाटू द्या.

दुसरा कागद उत्पन्नाचा. तो अंबडच्या तहसीलमधून मिळतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणून एप्रिलमध्येच नवीन दाखला काढावा. जूनमध्ये सेवा केंद्रावर रांग लागते आणि सर्व्हर डाउन होतो. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाचा रोज बुडतो. एका दाखल्यासाठी चार दिवसांची मजुरी गेली, तर पुढच्या वर्षी तो मुलीला विचारतो, "पढ़ के क्या करना है?" लोक म्हणतात, या लोकांना शिक्षणाची कदर नाही. मला तर त्या चार दिवसांचा हिशेब दिसतो.

तिसरा कागद जातीचा. यात आपल्या लोकांचा मोठा घोळ आहे. "हम तो मुसलमान, हमको कायकी जात?" असं म्हणून कितीतरी घरं हा दाखला काढतच नाहीत. शेख ही जात नाही हे खरं. पण त्या शेखांत पिंजारी आहेत, बागवान आहेत, अत्तार, तांबोळी, मणियार आहेत. त्यांच्यासाठी लढणारा माणूस आपल्याच जिल्ह्यातला, जालन्याचे शब्बीर अन्सारी. मुस्लिम ओबीसी चळवळ त्यांनी उभी केली. दिलीपकुमारांसारखा नट त्यांच्यासोबत गावोगावच्या सभांना गेला. त्या धडपडीतून ७ डिसेंबर १९९४ चा शासन निर्णय आला आणि ओबीसी यादीतल्या व्यवसायांचे मुसलमानही सवलतींना पात्र ठरले. तीस वर्षं होऊन गेली, तरी आमच्या ओट्यावर बसलेल्या बापाला हे पहिल्यांदाच कळत असतं.

ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणजे आजोबांच्या शाळेचा दाखला किंवा जमिनीचा कागद. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळातले बरेच कागद उर्दूत आहेत, आणि उर्दू वाचणारे आता गावात मोजकेच उरलेत. त्यामुळे मोबाइलवर फोटो घेऊन लोक येतात, "सर, ह्यात काय लिहिलंय?" घाईत लिहिलेली शिकस्त लिपी, नुक्ते गळालेले, कागदाला कसर लागलेली. एका शब्दासाठी कधी तासभर जातो.

२०२३ पासून या फोटोंत वाढ झाली. आमच्या गावाजवळ अंतरवाली सराटीला मनोज जरांगे यांचं उपोषण झालं आणि निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं. पुढच्या वर्षी, जून २०२४ मध्ये, वडीगोद्रीतच लक्ष्मण हाके ओबीसींच्या बाजूने उपोषणाला बसले. रस्त्यावर पोलीस, टीव्हीच्या गाड्या, दोन्हीकडच्या घोषणा. नेमके ते दिवस प्रवेशाचे होते. सकाळी एखादा मराठा शेतकरी पणजोबांचा कागद घेऊन यायचा, दुपारी एखादा धनगर किंवा वंजारी घरातला मुलगा नॉन-क्रिमीलेअरचं विचारायला यायचा, संध्याकाळी आपलं एखादं पिंजारी कुटुंब. तिघांची पिशवी सारखीच आणि चेहऱ्यावरची काळजीही सारखीच.

मी एक नियम केला आहे. कागदावर जे आहे तेच वाचायचं. एकदा ओळखीच्या घरातला एक मुलगा वडिलांसोबत आला होता. वडिलांना एक शब्द तिथे असायला हवा होता. तो नव्हता. त्या जागी फक्त 'काश्तकार' लिहिलं होतं, म्हणजे शेती करणारा. "सर, नीट बघा ना," ते तीनदा म्हणाले. मी तिसऱ्यांदाही तेच वाचलं. त्यांचा चेहरा उतरला, मलाही वाईट वाटलं. पण मी एका बाजूला झुकून वाचलं, तर उद्या माझं वाचणं कुणाच्याच कामाचं राहणार नाही. मग आम्ही चहा घेतला आणि मुलाचा राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसलो. त्या योजनेला जातीचा पुरावा लागत नाही, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलं की चालतं. आरक्षणाच्या भांडणात ही योजना विसरली जाते.

आता पैशांचं. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. गावात मात्र बातमी पोहोचली ती "मुलींचं शिक्षण फुकट" एवढीच. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातला चालत नाही. वसतिगृह, खानावळ, पुस्तकं यांचा खर्च त्यात नाही. हे आधी सांगितलं नाही तर दुसऱ्या महिन्यात मुलगी परत येते. ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, अल्पसंख्याकांसाठी राज्याची वेगळी शिष्यवृत्ती आहे, मौलाना आझाद महामंडळाचं शैक्षणिक कर्ज आहे. सगळीकडे अर्ज ठोकू नये. एका वर्षात दोन शिष्यवृत्त्या घेता येत नाहीत, म्हणून जास्त फायद्याची कोणती ते आधी बघावं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातली एक मुलगी नर्सिंगला लागली. फी माफीत बसत होती. महाविद्यालयातल्या क्लार्कने सांगितलं, "आधी पूर्ण फी भरा, सरकारकडून आली की परत देऊ." महाविद्यालयाचं नाव घेत नाही. बापाने दोन शेळ्या विकायला काढल्या. मी मुलीला म्हटलं, भांडू नको, अर्ज लिही. 'मी अमुक योजनेत पात्र आहे, तरी शिक्षण शुल्क मागितले जात आहे, कृपया लेखी कळवावे.' मराठीत चार ओळी. अर्जाची पोच घे. लेखी उत्तर कुणी दिलं नाही, पण फी मागणंही थांबलं. शेळ्या वाचल्या. मराठी कशासाठी शिकायचं, असं उर्दू शाळेतली मुलं विचारतात तेव्हा मी हा अर्ज सांगतो.

कॉलेजातले दिवस हा वेगळाच विषय. उर्दू माध्यमातलं मूल पहिल्या महिन्यात वर्गात गप्प बसतं. येत नाही म्हणून नव्हे, 'परिमेय' की 'नातिक' या गोंधळात शब्द सापडत नाही म्हणून. मी त्यांना एक वही करायला सांगतो. एका बाजूला उर्दू शब्द, मधे मराठी, शेवटी इंग्रजी. शंभर शब्द झाले की तोंड उघडतं. नवीन धोरणात श्रेयांक, मुख्य विषय, गौण विषय असं बरंच काही आलं आहे. ते पहिल्याच आठवड्यात विभागातल्या सरांना विचारून घ्यावं. हजेरी ७५ टक्के ठेवावी. ग्रंथालयाचं कार्ड पहिल्या दिवशी काढावं. 'कमवा व शिका' योजना असेल तर नाव द्यावं, त्यात कमीपणा नाही. आणि मैत्री फक्त आपल्या गावच्या, आपल्या बिरादरीच्या मुलांशी करू नये. कॉलेज त्यासाठीच असतं.

मुलींच्या वडिलांची शंका मात्र फीची नसते. ते विचारतात, "वापस कब आती?" शेवटची एसटी किती वाजता, स्टँडपासून कॉलेज किती लांब, वसतिगृहाचं दार कधी बंद होतं. या प्रश्नांना मागासलेपण म्हणून उडवून लावू नये. त्यांना उत्तरं द्यावीत. मी बापालाच सांगतो, एक दिवस मुलीसोबत जा, वसतिगृहाच्या रेक्टर मॅडमना भेट, खानावळीत जेवून ये. जो बाप एकदा जाऊन आला, त्याने मुलीला परत बोलावल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

आमच्या आजोबांच्या वेळी पदवीसाठी हैदराबादला उस्मानियाला जावं लागे. १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच आजचं मिलिंद. १९५८ मध्ये विद्यापीठ आलं, १९६३ मध्ये रफिक झकेरियांनी मौलाना आझाद कॉलेज उभं केलं. मोठ्या माणसांनी कॉलेज आपल्या जवळ आणून ठेवलं. तिथपर्यंतची उरलेली वाट दाखले, पासबुकं आणि सह्यांची आहे. ती चालायला फार मोठा माणूस लागत नाही.

तुमच्या गावात तुम्ही दोन-चार जण शिकलेले असाल, तर एप्रिलचे दोन रविवार द्या. मशिदीच्या ओट्यावर बसा, समाजमंदिरात बसा, पारावर बसा. दहावी-बारावीच्या मुलांचे चार कागद शेजारी ठेवा आणि नाव जुळतंय का तेवढं बघा. आणि पिशवी घेऊन आलेल्याला, तो कुणाचा कोण, हे विचारू नका.