गॅस कुठे जातो?

होळी झाली की सोलापुरात एक वाक्य जागोजागी ऐकू येऊ लागते : "एसीतला गॅस संपलाय, भरून घ्यायला पाहिजे." हे वाक्य इतके सरावाचे झाले आहे की त्यातली गफलत कोणाच्या ध्यानात येत नाही. स्वयंपाकघरातला गॅस संपतो, कारण तो जळतो. टाकीतले डिझेल संपते, कारण तेही जळते. मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेतला वायू मात्र जळत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत थोडासा झिरपत असेल, पण दर उन्हाळ्याला भरावा लागेल इतका नव्हे. तेव्हा तो कमी झाला असेल, तर संपलेला नसतो, निसटलेला असतो. क्रियापदातला हा फरक केवळ व्याकरणाचा नाही. कॉम्प्रेसरचे आयुष्य त्यावर अवलंबून असते.

इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर कूलिंग कॉइलमधून येणारा थंड, कमी दाबाचा वायू ओढून घेतो, दाबतो आणि तापलेल्या अवस्थेत पुढच्या कंडेन्सरकडे ढकलतो. तिथे आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन वायूचा द्रव होतो आणि एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या अरुंद छिद्रातून सुटताना तो पुन्हा गार होतो. म्हणजे गारवा निर्माण होत नाही, आतली उष्णता बाहेर नेऊन टाकली जाते. बाहेर 42-43 अंश असताना ती टाकण्यासाठी कॉम्प्रेसरला किती रेटा द्यावा लागत असेल, याची कल्पना करावी. त्याला वंगण पुरवणारे तेल वेगळ्या टाकीत नसते. ते वायूबरोबरच फिरते. वायू निसटला की थोडे तेलही जाते, उरलेले कॉइलमध्ये अडून राहते, आणि परतणाऱ्या थंड वायूमुळे कॉम्प्रेसरला मिळणारा गारवाही घटतो. नुसता वायू भरला तर मोटारीतला गारवा परत येतो. गेलेले तेल येत नाही.

काही वर्षांपूर्वी मी एक वापरलेली मोटार घेतली. वडिलांना तपासणीसाठी पुण्याला न्यावे लागे, आणि ऐंशी ओलांडलेल्या हृदयरोग्याने मे महिन्यात अडीचशे किलोमीटरचा प्रवास करायचा, तर एसी ही चैन नव्हती. मोटारीच्या कप्प्यात आधीच्या मालकाची बिले सापडली : लागोपाठच्या तीन एप्रिल महिन्यांची, प्रत्येकावर एकच ओळ, 'गॅस चार्जिंग'. पहिल्याच मे महिन्यात मोहोळच्या पुढे कॉम्प्रेसर जाम झाला. क्लच करपल्याचा वास आला, झरोक्यांतून गरम झळा येऊ लागल्या. डोक्यावर ओला पंचा घेऊन वडील सोलापूरला परतले. त्या दिवशीची तपासणी राहिली ती राहिलीच.

अक्कलकोट रस्त्यावरच्या एका वयस्क मिस्त्रींनी जुना कॉम्प्रेसर उतरवला आणि त्यातले तेल पांढऱ्या फडक्यावर ओतून दाखवले. काळे तेल, त्यात चंदेरी कण. "नवा बसवतो की सर. पण ही भुकटी आत राहिली, तर नवा पण जातोय." मग नळ्या धुतल्या गेल्या. कंडेन्सरच्या बारीक वाटांतून भुकटी पुरती निघत नाही, म्हणून तो बदलला. ड्रायर आणि व्हॉल्व्हही नवे घातले. तत्पूर्वी नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाचा फेस लावून त्यांनी गळती शोधली होती. एका जोडातली रबरी कडी कडक होऊन चिरली होती. काही रुपयांची कडी, आणि तिच्यापायी हजारोंचा कॉम्प्रेसर! तीन बिले लिहिणाऱ्यांपैकी कोणीही वायू जातो कुठून, हा प्रश्न विचारला नव्हता.

सोलापूरकराला हे तर्कशास्त्र परके वाटू नये. मागावर सूत एकदा तुटले तर विणकर गाठ मारतो. पुन्हा त्याच जागी तुटले तर फणी पाहतो, हवेतला ओलावा पाहतो. 'एअर कंडिशनिंग' हा शब्दच मुळी कापडगिरणीतला. 1906 मध्ये स्टुअर्ट क्रेमर या अमेरिकन अभियंत्याने तो वापरला, तो सूत तुटू नये म्हणून गिरणीतल्या हवेला ओलावा देण्याच्या संदर्भात. माणसाच्या सुखाचा विचार नंतर आला. पत्र्याखाली यंत्रमाग चालवणाऱ्यापर्यंत तर तो अजूनही पोचलेला नाही.

निसटलेला वायू जातो आकाशात. पूर्वीच्या मोटारींतला आर-12 ओझोनचा थर विरवत असे. 1987 च्या माँट्रियल करारानंतर तो मागे पडला. त्याच्या जागी आलेला आर-134ए ओझोनला धक्का लावत नाही, परंतु शंभर वर्षांच्या हिशेबात पृथ्वी तापवण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,400 पट आहे. लहान मोटारीत तो साधारण अर्धा किलो असतो. म्हणजे सातशे किलो कार्बन डायऑक्साइडइतका. अशा वायूंना आवर घालणारी किगाली दुरुस्ती 2016 ची. भारताने ती 2021 मध्ये स्वीकारली, आणि आपल्यासाठी वापर गोठवण्याचे वर्ष 2028 आहे. दर एप्रिलला गळक्या नळ्यांत वायू भरणारे आपण पुढच्या एप्रिलच्या उन्हाची तजवीज करत असतो.

देखभाल म्हणावी तर फारशी अवघड नाही. हिवाळ्यातही आठवड्यातून काही मिनिटे एसी चालवावा, म्हणजे दट्ट्यांना आणि सीलला तेल लागते. कंडेन्सरच्या जाळीतली धूळ पाण्याच्या हलक्या धारेने काढावी. क्लच वरचेवर टकटक करत लागू-सुटू लागला, तर ते दुर्लक्षू नये. वायू भरण्यापूर्वी व्हॅक्यूम पंप लावून निर्वात अवस्था टिकते का ते बघायला लावावे, आणि वायू अंदाजाने नव्हे, बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनानेच भरून घ्यावा. या साऱ्याला अर्धा दिवस मोडतो, आणि एवढा वेळ थांबायला गिऱ्हाईक तयार नसते, अशी गॅरेजवाल्यांची तक्रार असते. ती खोटी नाही. "गॅस भरा" म्हणणारे गिऱ्हाईक रोज येते. "गॅस कुठून गेला ते बघा" म्हणणारे क्वचित.