दुय्यम

'दुय्यम' हा शब्द मला कधीच आवडला नाही. तो उच्चारताना शेवटी ओठ मिटतात आणि पुढे बोलण्यासारखे काही उरलेच नाही असे वाटते. ज्याला हा शब्द एकदा चिकटला त्याच्याकडे पुन्हा वळून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. अपवाद काय तो दुय्यम निबंधकांचा! जमिनीचे खत नोंदवायला त्यांच्या कचेरीची पायरी चढताना भल्याभल्या पाटलांचे हात आपोआप जोडले जातात, आणि त्या क्षणी पाटीवरच्या पहिल्या शब्दाचा साऱ्यांनाच विसर पडतो. कचेरीबाहेर मात्र या शब्दाचा अंमल मोठा कडक आहे. तीस वर्षे विद्यार्थ्यांना वर्ग वाटून देण्याचाच धंदा केल्यामुळे त्या अंमलाचा मीही एक शिपाई आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

या शब्दाशी माझी पुन्हा गाठ पडली ती २२ मे २०२५ च्या सकाळी. उत्तरपत्रिका तपासण्यासाठी मी लोणावळ्याहून पुण्याच्या लोकलने निघालो होतो. वळवाच्या पावसाने डोंगर धुऊन निघाले होते आणि डब्यात ओल्या छत्र्यांचा वास भरला होता. माझ्या समोरच्या बाकावर दोन तरुण बसले होते. त्यांतला चष्मेवाला माझा जुना विद्यार्थी. दुसऱ्याच्या अंगात निळा सदरा होता. दोघेही तळेगावच्या एका कारखान्यात कामाला. दोघांचेही डोळे जागरणाने तांबारलेले. पण निळ्या सदऱ्याच्या चेहऱ्यावर लग्नघरातले तेज होते, तर चष्मेवाल्याच्या चेहऱ्यावर त्या लग्नात मानपान न मिळालेल्या व्याह्याचा भाव होता.

प्रकरण असे होते. मध्यरात्री साडेबाराला सुरू झालेल्या सामन्यात, स्पेनमधल्या बिल्बाओ शहरी, टॉटनहॅम या लंडनच्या संघाने मँचेस्टर युनायटेडला एका गोलाने हरवून 'युरोपा लीग'चा करंडक जिंकला होता. युरोपात क्लबांच्या तीन स्पर्धा आहेत. थोरली 'चॅम्पियन्स लीग', मधली ही 'युरोपा', आणि २०२१ पासून सुरू झालेली धाकटी 'कॉन्फरन्स लीग'. निळा सदरा टॉटनहॅमचा निस्सीम भक्त. २००८ नंतर, म्हणजे सतरा वर्षांनी, त्याच्या दैवताने प्रथमच काहीतरी जिंकले होते. चष्मेवाला त्याच शहरातल्या आर्सेनलचा. या दोन संघांचे वैर पिढीजात आहे; ते लंडनहून मावळात कसे उतरले हे मला ठाऊक नाही, पण वाटेत त्याचा कडवटपणा तसूभरही कमी झाला नव्हता.

"मधल्या स्पर्धेचा कप!" चष्मेवाला म्हणत होता. "आणि घरच्या लीगमध्ये वीस संघांत सतरावे! लाज वाटायला पाहिजे. आम्ही थोरल्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत गेलो होतो, लीगमध्ये सलग तिसऱ्या वर्षी दुसरे आलो."

"मग उपांत्य फेरी ठेव ना कपाटात," निळा सदरा शांतपणे म्हणाला. "कपाटात कप ठेवतात."

शेजारी पाट्या घेऊन बसलेल्या मावशींनी विचारले, "कशापायी भांडता रे?"

"कपावरून, मावशी."

"फुटला का?"

डबा हसला, पण वाद थांबला नाही. अखेर चष्मेवाल्याने मला पंच नेमले. "सर, तुम्हीच सांगा. दुय्यम स्पर्धा जिंकण्याला काही अर्थ आहे का?"

प्राध्यापकाला सरळ प्रश्न विचारला की तो दृष्टांत देतो. गाडी मळवलीला उभी होती. एका अंगाला कार्ल्याचा डोंगर, दुसऱ्या अंगाला भाजे, आणि त्यामागे लोहगड-विसापूरची जोडी ढगांत बुडालेली. मी म्हणालो, "आपल्या मावळातही तीन स्पर्धा आहेत. कार्ले, भाजे आणि बेडसे. कार्ल्याचे चैत्यगृह सर्वांत भव्य; तिथे एकवीरेच्या दर्शनाला जाणाऱ्यांचीही रीघ असते. भाज्याला त्याहून कमी माणसे चढतात. आणि बेडशाला? तुमच्यापैकी कोणी गेला आहे?"

कोणीच गेला नव्हता. कामशेत पुढच्याच स्थानकावर, आणि तेथून बेडसे ते किती लांब!

मग मी त्यांना कार्ल्याच्या लेण्यातला एक शिलालेख सांगितला. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने तेथे कोरून ठेवले आहे की हे शैलगृह साऱ्या जंबुद्वीपात उत्तम आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची ती 'चॅम्पियन्स लीग'च! बेडशाला तसली घोषणा नाही. तिथल्या एका लेखात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याचे हे दान, एवढेच आहे. गावाचे नाव, बापाचे नाव, आपले नाव; संपले. तरीही सकाळच्या उन्हात बेडशाच्या ओसरीतले खांब, त्यांच्या माथ्यावरचे हत्ती-घोडे आणि त्यांवर बसलेली स्त्रीपुरुषांची जोडपी ज्याने पाहिली आहेत, त्याच्या मनात कार्ल्याचा विचार येत नाही. उत्तम कोणते याचा निकाल डोंगर सोडून खाली आल्यावर लागतो. वर असताना समोर असते तेच लेणे पुरे होते.

दृष्टांत मला स्वतःला फार आवडला. निळ्या सदऱ्याने तर मांडीवर थाप मारली. पण चष्मेवाला माझाच विद्यार्थी. त्याने दृष्टांताची नेमकी फट शोधली. "पण सर," तो म्हणाला, "कार्ले कोरायला गेले आणि जमले नाही म्हणून कोणी बेडसे कोरले नाही ना? या स्पर्धेत तर परवापरवापर्यंत थोरल्या स्पर्धेतून गळालेले संघ मध्येच आणून बसवत होते. अगदी २०२४ पर्यंत. तो हरलेल्यांचाच कप आहे, सर."

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मिटले. 'हरलेल्यांचा कप' हे शब्द मी यापूर्वी ऐकले होते. ज्या आवाजात ऐकले होते तो माझाच होता.

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, रेल्वेत होते. कर्जतहून बोरघाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटणारी जी इंजिने असतात त्यांवर त्यांचे आयुष्य गेले. गाडी लोणावळ्याला पोचली की ही इंजिने सुटी होतात, आणि प्रवासी चिक्की घेण्यात गुंतलेले असतात. अण्णांना फुटबॉलचे वेड होते. माझ्या जन्मापूर्वी, १९६८ साली, खात्यातल्या कसल्याशा स्पर्धेत त्यांचा संघ गेला आणि सकाळी दहाच्या आत चार गोलांनी हरला. पहिल्या फेरीत हरलेल्या संघांसाठी एक वेगळा लहान करंडक ठेवलेला होता. "परतीची गाडी रात्री होती, म्हणून खेळलो," असे अण्णा सांगत. तो करंडक त्यांच्या संघाने जिंकला. जर्मन सिल्व्हरचा, वीतभर उंच, एक कान तुटून पुन्हा सांधलेला. संघातल्या साऱ्यांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि तो आमच्या घरी आला. आईने त्यात फुलवाती ठेवल्या आणि तो देवघरात गेला.

वर्षातून एकदा अण्णा मला मुंबईला कूपरेज मैदानावर रोव्हर्स करंडकाचा सामना दाखवायला नेत. ही स्पर्धा १८९१ पासूनची. प्रारंभीची शेचाळीस वर्षे गोऱ्या पलटणींनी ती आपसांत जिंकली; १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती प्रथम हिंदी हातांत आणली. पुढे १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबादच्या पोलिसांनी जिंकली. अण्णा हे सारे पाढ्यासारखे म्हणत. त्यांचे सोबती म्हणत, खरा फुटबॉल कलकत्त्याला, मुंबईचा हा आपला नावापुरता. अण्णा त्यांच्याशी कधी वाद घालत नसत. लाकडी फळीवर बसून, गुडघ्यांवर हात ठेवून, ते नव्वद मिनिटे हललेही नाहीत असे मला दिसे. फक्त गोल चुकला की त्यांचा उजवा पाय आपोआप पुढे जाई.

मी एम.ए. झालो त्या वर्षी पुण्याचा एक मित्र घरी आला होता. मोठ्या घरचा, चांगला वाचणारा. देवघराकडे पाहून त्याने सहज विचारले, "हा कप कसला रे?" इंग्रजी वाङ्मयाची पदवी नुकतीच हाती पडलेली, देवघरात करंडक आणि करंडकात वाती, या दृश्याची मला भयंकर लाज वाटली. मी हसून म्हणालो, "काही नाही, हरलेल्यांचा कप आहे." वाक्य चटपटीत होते. मित्र हसला. अण्णा दारात बसून ड्यूटीच्या बुटांचे बंद बांधत होते. त्यांनी ते बांधले, डबा उचलला आणि गेले.

त्यांनी मला एका शब्दाने विचारले नाही. पण त्यानंतर घरी येणाऱ्या कोणीही त्या कपाविषयी विचारले की अण्णा म्हणत, "वाती ठेवायचं भांडं आहे ते."

अकरा वर्षे मी हे वाक्य ऐकले. त्याला उत्तर देण्याची संधी मला रोज होती आणि मी ती रोज दवडली. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि जुन्या करंडकांकडे मोठ्या क्लबांचे लक्ष उणावले. २०००-०१ च्या हंगामानंतर रोव्हर्स स्पर्धा पुन्हा झालीच नाही. अण्णा तेव्हा निवृत्त होते. हंगाम आला की ते वर्तमानपत्राचे शेवटचे पान दोनदा वाचत आणि विचारत, "यंदा रोव्हर्सचं काही आलं नाही?" मी म्हणे, "येईल." २००३ मध्ये ते गेले.

वर्गवारी खोटी असते असे मी म्हणणार नाही. ते म्हणणारा प्राध्यापक उद्या उत्तरपत्रिकांवर काय लिहील? कार्ले बेडशाहून मोठे आहेच, आणि थोरल्या स्पर्धेत सगळ्यांत बलाढ्य संघ उतरतात हेही खरे. चष्मेवाल्याचा मुद्दा मला आजही खोडता येत नाही. पण मला आता एवढे कळते की पायरी ठरवण्याचे काम बाहेरच्यांचे असते आणि किंमत मोजण्याचे खेळणाऱ्याचे. चार गोल खाऊन दुपारच्या उन्हात पुन्हा बूट चढवायला जे लागते, त्याचा हिशेब पायरीवर लिहिलेला नसतो. आणि करंडकाला तुच्छ लेखणारा मनुष्य बहुधा माझ्यासारखा असतो: स्वतः कधी मैदानात न उतरलेला, पण कोणता करंडक कुठल्या फळीवर ठेवावा हे पक्के ठाऊक असलेला.

तळेगाव आले. दोघे उठले. चष्मेवाला म्हणाला, "सर, निकाल दिला नाहीत." मी म्हणालो, "राखून ठेवला आहे." निळा सदरा मात्र निकालाची वाट पाहत नव्हता, तो फलाटावर उतरला तोच उडी मारून. सतरा वर्षे ज्याने वाट पाहिली त्याला पंचाची गरज नसते.

पुढे वाचले की त्या विजयानंतर लंडनच्या रस्त्यांवर हजारो लोक लोटले, आणि सोळा दिवसांनी, ६ जूनला, क्लबच्या चालकांनी करंडक जिंकून देणाऱ्या शिक्षकालाच निरोप दिला. लीगमधला सतरावा क्रमांक त्यांना अधिक बोचला असावा. व्यवहार म्हणून ते बरोबरही असेल. मला मात्र ते वाचताना दारात बसून बुटांचे बंद बांधणारा एक मनुष्य दिसला.

गेल्या महिन्यात शेजारची सात वर्षांची मुलगी देवघरात डोकावत होती. वाती अजून त्यातच असतात. माझ्या पत्नीने आईची पद्धत मोडलेली नाही. तिने विचारले, "आजोबा, हे काय आहे?"

"कप आहे," मी म्हणालो. "माझ्या वडिलांनी जिंकलेला."

"पहिला नंबर आला होता?"

"नाही. सकाळी हरले होते. मग दुपारी पुन्हा खेळले."

तिला यात विशेष काही चमत्कारिक वाटले नाही. तिने वाती एकेक काढून ताम्हनात ठेवल्या आणि कप दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला, दूरचित्रवाणीवर उचलतात तसा.

"जपून," मी म्हणालो, "त्याचा एक कान सांधलेला आहे."