मोतीसह किल्ल्यांच्या किनारी

प्रवासास निघावयाचे म्हटले की आधी माणसे मोजली जातात, मग सामान. मुक्या सोबत्याची गणती बहुधा कोणी करीत नाही. तोबीतच्या ग्रंथाचा लेखक मात्र याला अपवाद आहे. तरुण तोबिया रफाएल दूताच्या संगतीने दूरदेशी निघाला तेव्हा कुत्राही मागोमाग गेला, ही नोंद त्याने आवर्जून केली आहे. परतीच्या वाटेवरही तो त्याला विसरला नाही. त्या कुत्र्याच्या हातून कथेत काहीच घडत नाही. तो बरोबर असतो, इतकेच.

या कुत्र्याची आठवण होण्याचे कारण आमचे थोरले बंधू. गेली चाळीस वर्षे ते इंग्लंडच्या ईशान्येस न्यूकॅसल येथे राहतात. तीन वर्षांपूर्वी वहिनी वारल्या, तेव्हापासून दादांनी एकही रात्र घराबाहेर काढलेली नाही. कारण विचारले की ते मोतीकडे बोट दाखवितात. मोती हा त्यांचा तेरा वर्षांचा लॅब्रडॉर. (शेजारचे इंग्रज त्याला 'मोटी' म्हणतात आणि त्याच्या देहाकडे पाहता ते चूक नाही.) त्याला परक्या श्वानगृहात ठेवणे दादांना मान्य नाही. खरे कारण आम्हां सर्वांना ठाऊक आहे. कोणी ते उच्चारीत नाही. पुतण्याने तोड काढली: घर सुटत नसेल तर घरच चाकांवर घालू. येत्या मे महिन्यात तो आठवड्याभरासाठी कॅम्परव्हॅन भाड्याने घेणार आहे. आम्हांला रजा मिळाली आहे आणि आखणीचे काम त्याने आमच्या गळ्यात घातले आहे.

न्यूकॅसलपासून उत्तरेस बेरिकपर्यंतचा, सुमारे १०० किलोमीटरचा नॉर्थम्बरलंडचा हा किनारा किल्ल्यांनी भरलेला आहे. १२९६ साली इंग्लंड-स्कॉटलंड यांच्यात युद्ध पेटले आणि १६०३ साली दोन्ही मुकुट एकाच मस्तकी येईपर्यंत या सीमेला स्वस्थता अशी लाभलीच नाही. ज्याला जमले त्याने तट बांधला. आम्हां वसईकरांना किल्ला आणि समुद्र शेजारी असण्याचे नवल नाही. नवल वाटले ते मोतीच्या नजरेने किल्ले पाहताना. तशी पाहणी केल्यावर इतिहासाची क्रमवारीच बदलून गेली.

सर्वांत थोर तो ॲनिक, पर्सी घराण्याचा. पण तेथे अंधांना वाट दाखविणाऱ्यांसारखे सेवेकरी श्वान वगळता इतरांस प्रवेश नाही. म्हणून तो आम्ही गाळला. त्या गावात जुन्या रेल्वे स्थानकात जुन्या पुस्तकांचे मोठे दुकान आहे, तेथे कुत्र्यांचे स्वागत होते. आमची तेवढ्यावर तक्रार नाही. बॅम्बरोचा किल्ला काळ्या अग्निजन्य खडकावर उभा आहे; १८९४ साली तो आर्मस्ट्राँग या उद्योगपतीने विकत घेऊन दुरुस्त केला. पट्टा लावून मोतीला तेथील आवारात नेता येईल, दालनांत नाही. आम्ही दालने पाहू, तेव्हा दादा आणि मोती बाहेर हिरवळीवर समुद्राकडे तोंड करून बसतील. गाडीत त्याला कोंडून जाणे हा पर्यायच नाही; बंद गाडी उन्हात थोड्याच वेळात भट्टी होते, मग देश थंड असला तरी.

मोतीचा खरा किल्ला डन्स्टनबर्ग. १३१३ साली लँकेस्टरच्या थॉमस नावाच्या सरदाराने तो बांधावयास घेतला. राजाशी वैर धरले आणि १३२२ साली त्याचा शिरच्छेद झाला. आज उरले आहेत भग्न बुरूज. तेथवर गाडीरस्ता नाही. क्रास्टर या कोळीवाड्यातून गवताळ वाटेने दोन किलोमीटर चालावे लागते. मोतीचे मागचे पाय दुखरे, दादांचा गुडघा दुखरा. म्हणून या एका किल्ल्यासाठी आम्ही अख्खी सकाळ राखून ठेवली आहे. क्रास्टरला ओकच्या धुरात मुरविलेले हेरिंग मासे मिळतात. सुक्या बोंबलावर वाढलेल्या माणसांना त्याचा वास परका वाटू नये.

बीडनेलच्या उपसागरात मे महिन्यापासून कुररी पक्षी वाळूतच अंडी घालतात. तेथे पट्टा सोडावयाचा नाही. फार्न बेटांवर कुत्र्यांना उतरूच देत नाहीत, तेव्हा ती दुरून पाहू.

राहता राहिले लिंडिसफार्न, अर्थात होली आयलंड. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याप्रमाणे तेथेही ओहोटीतच जाता येते. भरतीत रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. सुरक्षित वेळांचे कोष्टक छापलेले असते, तरी दरवर्षी काही उतावळ्यांच्या गाड्या बुडतातच. अशांसाठी वाटेत खांबांवर एक लाकडी खोली उभारलेली आहे. बेटावर गाडीत रात्र काढण्यास मनाई आहे, म्हणून मुक्काम मुख्य भूमीवरील तळावर.

६३५ साली ओस्वाल्ड राजाच्या बोलावण्यावरून संत एडन आयोनाहून येथे आले. पुढे संत कथबर्ट आले. रात्रभर समुद्रात उभे राहून प्रार्थना केल्यावर पाणमांजरांनी आपल्या श्वासाने व अंगाच्या लोकरीने त्यांचे पाय कोरडे केले, असे संत बीड यांनी लिहून ठेवले आहे. तेथील आयडर बदकांना लोक आजही कथबर्टचीच बदके म्हणतात. ६८७ साली ते फार्न बेटावर वारले. बेटावर संत एडन यांच्या नावाचे छोटेसे कॅथलिक मंदिर आहे. तेथे वहिनींसाठी मिस्सा अर्पण करता येईल का, अशी विचारणा आम्ही केली आहे. हे दादांना अद्याप सांगितलेले नाही.

गाडीत चढण्यासाठी मोतीला उतरती फळी लागेल, प्रवासात त्याला बांधण्यासाठी पट्टा, गोचिडीचे औषध, आणि त्याची ती जुनी चादर. ती वहिनींच्या शालीपासून केलेली आहे. ही यादी आम्ही दादांना फोनवर वाचून दाखविली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फादर, त्याचा खाण्याचा वाडगा राहिला. आणि पहिल्या दिवशीची ओहोटी किती वाजता, ते विचारून ठेवा."